कुबडाची शिकारी सुरी: पैसे टाकण्याआधी

पाठीवर उंचवटा, मधोमध सुटलेलं पोट आणि पुढे खाली झुकलेलं टोक अशा घडणीची एक शिकारी सुरी ऑनलाइन दुकानांत हमखास दिसते. 'नेसमुक' या नावाने ती विकतात. फोटोत चामड्याचं म्यान असतं, शिसवीची मूठ असते, मागे शेकोटी पेटलेली असते. किंमत बहुधा हजारांत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, आणि तालुक्यातच गोसीखुर्द धरणाचं अथांग पाणी. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला ती सुरी हातात घ्यावीशी वाटली तर नवल नाही. पण हौस आणि गरज यांचा हिशेब वेगवेगळा मांडलेला बरा.

निकाल आधी सांगतो. इथल्या बहुतेकांना ही सुरी घेण्याची गरज नाही. ज्यांना खरोखर उपयोग आहे त्यांनी ती पार्सलने मागवण्यापेक्षा लोहाराच्या भट्टीवर आपल्या हाताच्या मापाने घडवून घ्यावी. आणि दोघांनीही खिशात हात घालण्याआधी कायद्याची बाजू वाचावी, कारण या सुरीच्या बाबतीत ती किमतीपेक्षा जड पडू शकते.

सुरीमागचा माणूस

नेसमुक हे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१-१८९०) या अमेरिकन लेखकाचं टोपणनाव. 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या नियतकालिकात तो रानातल्या भटकंतीवर लिहायचा. १८८४ साली त्याचं 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक निघालं. त्यात त्याच्या हत्यारांचं चित्र आहे आणि त्या चित्रात ही कुबडाची सुरी आहे. आज देशोदेशीचे कारखाने आणि कारागीर जी सुरी करतात ती त्या एका चित्रावरून.

सिअर्स अंगाने किरकोळ आणि तब्येतीने नाजूक होता. पाठीवरचं ओझं कमी करण्याचा त्याला ध्यासच होता. १८८३ साली ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या तळ्यांतून तो ज्या होडीने फिरला तिचं वजन साडेदहा पौंड होतं, म्हणजे पाच किलोच्याही आत. असा माणूस सुरी निवडणार तीही पातळ पात्याचीच. दिसायला भयंकर पण कापायला निरुपयोगी अशा जाडजूड शिकारी सुऱ्यांची त्याने पुस्तकात चांगलीच हजेरी घेतली आहे. शिवाय तो एकट्या सुरीवर विसंबून नव्हता. छोटी दुधारी कुऱ्हाड, खिशातला घडीचा चाकू आणि ही सुरी असा त्याचा संच होता. लाकूड कुऱ्हाडीने तोडायचं, बारीकसारीक काम चाकूने करायचं, सोलणं-चिरणं सुरीकडे.

एवढं ध्यानात ठेवलं की बाजारातल्या मालाची अर्धी पारख तिथेच होते. त्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या पुष्कळ सुऱ्यांचं पातं चार-पाच मिलिमीटर जाड असतं, कारण लाकडावर ठेवून वरून ठोकता यावं अशी गिऱ्हाइकाची मागणी असते. आकार सिअर्सचा, जाडी नेमकी त्याला नको असलेली. असल्या सुरीने कांद्याच्या चकत्या होत नाहीत, कांदा फुटतो. सुरीची माहिती वाचताना लांबी आणि पोलादाच्या नावाआधी पाठीची जाडी बघा. ती दिलेलीच नसेल तर पुढे वाचू नका.

कुबड नेमकं काय करतं

साध्या सुरीची पाठ जवळपास सरळ टोकाकडे जाते. हिची पाठ टोकाच्या अलीकडे वर उचलली जाते आणि तिथून खाली उतरते. त्यामुळे पुढच्या भागात पातं रुंद होतं आणि धारेला ऐसपैस बाक देता येतो. जनावराचं कातडं सोलताना हात लांब ओढत न्यावा लागतो. तिथे हा बाक एका ओढीत जास्त कातडं सुटं करतो. टोक खाली आल्यामुळे ते कातड्यात किंवा आतड्यात नकळत रुतण्याची भीतीही कमी होते. वजन पुढे सरकतं, आणि कुबडावर बोट टेकवलं की पात्यावर ताबा राहतो.

उलट बाजूही आहे. रुंद पुढच्या भागामुळे टोकाची बारीक कामं अवघड होतात: माशाचा काटा सोडवणं, कोंबडीचा सांधा शोधून वेगळा करणं, पट्ट्याला भोक पाडणं. कोहळ्यासारख्या जाड फळात रुंद पातं अडकून बसतं. आणि बाकदार धार सपाट दगडावर लावणं नवख्या हाताला जमत नाही. मधला भाग वस्तऱ्याच्या तोडीचा होतो, पुढचा बोथटच राहतो. सोलण्याचं काम तर पुढच्याच भागाचं असतं.

थोडक्यात, या घडणीचा खरा फायदा एका कामात आहे, कातडं सोलण्यात. बाकीची कामं ती करते, पण साध्या सुरीपेक्षा सरस करत नाही.

ते काम इथे किती उरलं आहे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला, पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही बंद झाले आणि शिकारीचा विषय संपला. रानडुकरांनी धान तुडवल्याची तक्रार आपल्याकडे नवी नाही, आणि पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठी वनविभागाकडून रीतसर परवानगी मिळण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. पण त्या परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा कलम ३९ प्रमाणे राज्य सरकारच्या मालकीचं ठरतं. ते सोलून वाटे घालण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा 'शिकारी' सुरीची शिकार इथे कागदावरही शिल्लक नाही.

राहिली पाळीव जनावरं. बोकड कापून द्यायला खाटीक आहे. त्याचा सुरा पाहिला आहे ना? लांब, अरुंद, दगडावर घासून घासून झिजलेला. बोकड आकड्याला टांगलेला असतो, अर्धं कातडं मुठीच्या आणि अंगठ्याच्या दाबाने सुटतं, सुरा फक्त वाट मोकळी करतो. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला कुबडाची गरज पडलेली नाही.

मासळीचा विचार केला तर आपल्या भागात सुरीच मागे पडते. बाजारात मासे विकणाऱ्या बाईचा हात बघा. पावशीच्या, म्हणजे विळीच्या, पाटावर पाय घट्ट रोवलेला, पातं उभं आणि स्थिर. मरळ हातातून निसटते, म्हणून बोटांना राख लावायची, मग दोन्ही हातांनी मासा धरून पात्यावर ओढायचा. खवले, पर, डोकं, पोट, तुकडे, सगळं त्याच एका पात्यावर उरकतं. इथे हत्यार हलत नाही, मासा हलतो. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे निसरड्या माशावरही पकड राहते. गोसीखुर्दच्या पाण्यातला पाच किलोचा कतला एका हाताने धरून दुसऱ्या हातातल्या महागड्या सुरीने साफ करून पाहा, पावशीचं मोल कळेल.

शेतातली कामं तर वाटून दिलेलीच आहेत. धानाला विळा, बांबूला आणि काटेरी फांद्यांना कोयता, जळणाला कुऱ्हाड. शेतावर रोडगे-भरिताचा बेत असला तर कांदा, लसूण, सांबार (कोथिंबीर) आणि मिरची चिरायला घरातली दीडशे-दोनशे रुपयांची सुरी पुरते. पोत्याची सुतळी कापायला खिशातला चाकू.

मग कुणाला उपयोग? घरच्या कोंबड्या-बकऱ्या स्वतः कापणाऱ्याला. तंबू घेऊन दूर डोंगरात राहणाऱ्याला, ज्याला पाठीवर पावशी नेता येत नाही आणि एकाच पात्यावर सगळा स्वयंपाक करायचा असतो. आणि हत्यारं जमवण्याचा, ती घडवून घेण्याचा, पाजवण्याचा ज्याला मनापासून नाद आहे त्याला. नादाला गरजेचं नाव देऊ नये एवढंच. नाद वाईट नाही.

कायदा: दोन इंच, नऊ इंच आणि अभयारण्याचं फाटक

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्र मानलेल्या नाहीत. विळा, पावशी, कोयता यांना त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. पण २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत.

इथे कुबडाच्या सुरीची खास अडचण आहे. लांबीत ती सहज बसते. चार-पाच इंचांपेक्षा मोठी सहसा नसते. पण कुबडामुळे रुंदी वाढते, आणि काही कारागीर कुबड इतकं उंच करतात की मोजपट्टी २ इंचांना भिडते. वर जाहिरातीत ठळक अक्षरांत 'शिकारी सुरी' लिहिलेलं. 'स्वयंपाकासाठी घेतली' हे मग कोणत्या तोंडाने सांगणार? ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकूंवरून राज्यात पोलिसांनी कारवाया केलेल्या आहेत, हे विसरू नका. माप २ इंचांच्या बरंच आत ठेवा, पावती जपून ठेवा, आणि शंका असेल तर मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. सुरी आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

स्प्रिंगचं बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला तर जाऊच नका. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी सुरी कमरेला लावून फिरणं अंगाशी येतं. माप कितीही लहान असलं तरी.

सगळ्यात महत्त्वाचं जंगलाचं. कऱ्हांडल्याला २०१२ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्याने हत्याराची जी व्याख्या दिली आहे तिच्यात बंदुकीबरोबर चाकू, गळ, जाळी आणि फासेसुद्धा येतात. इथे इंचांचा हिशेब नाही. सफारीला जाताना बॅगेत राहिलेली छोटी सुरीही यात मोडते. पवनीच्या बाजूच्या फाटकातून आत जाणार असाल तर ती घरी ठेवून निघा. जंगलालगत शेत असणाऱ्यांनीही ती कमरेला लटकवून पायवाटेने जाण्याचं टाळावं. विळा घेतलेला माणूस शेतकरी दिसतो. शिकारी म्यान लावलेला माणूस वनरक्षकाला वेगळाच दिसतो, आणि चूक त्याची नसते.

विमानाने जाताना कोणतीही सुरी हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावी लागते.

घडवून घ्यायची तर

विदर्भात लोखंड कामाला लावण्याची कला पवनीच्या स्तूपांहून जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि सुऱ्या सापडल्या, नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. त्या मुलखात सुरी परदेशातून मागवायची असेल तर कारण तसंच भक्कम हवं.

आधी पुठ्ठा घ्या आणि सुरी खऱ्या मापात कापा. पातं ११-१२ सेंटिमीटर, कुबडाजवळ रुंदी साडेतीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे २ इंचांच्या बरीच आत. पाठीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. मूठ तुमच्या पंजापेक्षा बोटभर लांब. पुठ्ठ्याची सुरी हातात धरून खोटंखोटं चिरून बघा. कुबड नको तिथे आलं असेल तर इथेच कळतं आणि पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

गावातले लोहार सहसा ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात. सुरीसाठी तो चांगलाच आहे. फक्त तुटलेल्या कमानीचा तुकडा घेऊ नका. वर्षानुवर्षं हेलकावे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि पातं कडक करायला पाणी देताना त्या उघडतात. पाटा मुळात जाड असतो. तो ठोकून तीन मिलिमीटरवर आणणं कष्टाचं काम, म्हणून घाईत तो जाडच ठेवला जातो. त्या कष्टाचे पैसे आधीच कबूल करा, म्हणजे पुढे घासाघीस होत नाही.

खरी कसोटी पाणी देण्याची. भट्टीत पातं इतकं तापवायचं की त्याला चुंबक चिकटेनासं व्हावं, मग ते तेलात बुडवायचं. कोयत्या-विळ्यांना पाणी चालून जातं, पण कमानीच्या पोलादाचं पातळ पातं थंड पाण्यात टाकलं की वाकतं किंवा तडकतं. कोमट केलेलं साधं तेल पुरे. बाहेर निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते घासून चकचकीत करायचं आणि मंद आचेवर पुन्हा तापवायचं. पृष्ठभागावर रंग उतरू लागतो: आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग आला की थांबायचं. निळ्यापर्यंत गेलं तर पातं नरम झालं, धार टिकणार नाही. पाठ मात्र जरा पुढे गेली तरी चालते, तिथे चिवटपणाच हवा असतो. हे काम चालू असताना जवळ उभे राहा आणि रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मुठीला धावडा किंवा शिसव. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत जाऊ द्या आणि ते पितळी खिळ्यांनी जखडा. अर्ध्यावर संपणारं लोखंड आज ना उद्या खुळखुळतं.

हातात आल्यावर तपासणी

विकत घ्या की घडवून घ्या, या चार गोष्टी बघितल्याशिवाय पैसे चुकते करू नका.

एक, पातं डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेतून पाहा. वाकडेपणा लगेच दिसतो. पाणी देताना आलेला वाक नंतर ठोकून काढला तर पातं मोडू शकतं.

दोन, कानस धारेजवळ हलकेच फिरवा. ती सरकून गेली तर पाणी चढलं आहे. लोखंड सहज खरवडलं गेलं तर पातं नरम आहे.

तीन, पितळेची कांडी. भंडारा जिल्ह्यात पितळेला तोटा नाही. कांडी आडवी ठेवून तिच्यावर धार कमी कोनात टेकवा आणि हलकासा दाब देऊन ओढा. धार किंचित फाकून परत जागेवर आली तर उत्तम. फाकलेलीच राहिली तर नरम. चूर उडाला तर फाजील कडक, पुन्हा तापवायला द्या.

चार, पिकलेला टोमॅटो. वजन न देता साल कापली गेली पाहिजे. कागद कापून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर भाळू नका. ताठ धरलेला कागद जाड पात्यानेही कापता येतो. जाडपणाची चुगली टोमॅटो आणि कांदा करतात.

निगा

कमानीचं पोलाद गंजतं, आणि आपला पावसाळा त्याला मदतच करतो. लिंबू, चिंच, कच्चा आंबा कापून सुरी तशीच ठेवली तर काळे डाग पडतात. धुऊन, कोरडी करून खोबरेल तेलाचा हात फिरवा. मुठीला जवसाचं तेल. ते वाळून लाकडावर पातळ थर धरतं. सुरी चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि आतल्या आत पातं खातं. म्यान प्रवासापुरतं, घरात कोरड्या कापडात गुंडाळून, मुलांच्या हाताबाहेर.

धार दगडावर, पाण्याने, साधारण वीस अंशांच्या कोनात. सरळ भाग झाला की बाकावर येताना मूठ हळूहळू वर उचला, म्हणजे दगड टोकापर्यंत टेकलेला राहतो. ही एक सवय जमली की कुबडाच्या सुरीची निम्मी तक्रार मिटते. फिरत्या चाकावर मात्र देऊ नका. ठिणग्या दिसायला छान, पण पातळ धार तापते आणि निळी पडली की लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं म्हणून समजा.

शेवटचा हिशेब

गेल्या वर्षभरात तुम्ही सुरीने काय काय कापलं, ते कागदावर लिहून काढा. यादीत भाजी, मासळी आणि सुतळी एवढंच असेल तर कुबडाची सुरी घेऊ नका. तेवढ्या पैशांत एक चांगली पावशी, एक पातळ सुरी आणि दोन्ही बाजूंचा धार लावायचा दगड येईल, आणि पैसे उरतीलही. यादीत घरच्या कोंबड्या-बकऱ्या किंवा रानातला मुक्काम वारंवार येत असेल तर ती घ्या. पण पातळ पात्याची, बेताच्या कुबडाची आणि पारखून घडवलेली. यादी रिकामी असून नुसती हौसच असेल, तर आधी लोहाराकडे जाऊन पुठ्ठ्याच्या मापाची एक साधी, स्वस्त सुरी करून घ्या आणि सहा महिने वापरा. कुबडाचा उपयोग खरंच झाला तर महागडी घेण्याचा विचार करा. नाही झाला तर हौस थोडक्यात भागली, आणि ती सुरी घरात कांदा चिरायला आहेच.